पाखरू सरळ उडत होतं

त्या गेमला भंगार म्हणणाऱ्या प्रत्येकाशी माझं भांडण आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे कुणाला वाटायचं की बाई शांत डोक्याने, दोन्ही बाजू बघून लिहितेय. तसं काही नाही. मी एकाच बाजूची आहे. एकदा, जेव्हा खरी गरज होती तेव्हा, मी बाजू बदलली होती. तेवढं एक मला दुरुस्त करायचंय.

गेम जुना आहे. ड्रॅगनच्या पाठीवर बसून उडायचं, खाली समुद्र, बर्फाचे डोंगर, पेटलेली गलबतं. ड्रॅगन वळवायला बटण नाही. कंट्रोलर दोन्ही हातांत धरायचा आणि हातच कलते करायचे. डावीकडे कललात की तो डावीकडे, आपल्याकडे ओढलात की वर. एवढंच. आणि एवढ्यावरून लोकांनी त्या गेमची पार अब्रू काढली. म्हणे ऐकतच नाही, म्हणे डावीकडे सांगावं तर उजवीकडे जातो. अरे बाबांनो, तुम्ही माशा हाकलल्यासारखे हात झाडता आणि वर ड्रॅगनला नावं ठेवता? नाचता येईना अशातली गत तुमची! दहा मिनिटं खेळायचं, डिस्क काढायची आणि इंटरनेटवर येऊन गळा काढायचा.

मी अजून तिथे जाऊन उत्तरं लिहिते. वय चाळीस, डोळ्यांवर चष्मा, नाशिकच्या पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि रविवारची दुपार मी अनोळखी पोरासोरांशी ह्या गेमवरून वाद घालण्यात घालवते. ते मला 'भाऊ' म्हणतात. 'भाऊ, सोडा ना आता, किती वर्षं झाली.' मी सोडत नाही. जेवायला एकटीच असते, त्यामुळे ताट बाजूला सारून टाईप केलं तरी कुणी ओरडत नाही.

माझं काम सांगते, कारण पुढे ते लागणार आहे. अंबडच्या एका कारखान्यात मी मोजमापाच्या खोलीत आहे. कामगार ज्या हत्यारांनी माल मोजतात ती हत्यारं खरं बोलतायत का, हे मी तपासते. कुणी धावत येतो, 'मॅडम, हे गेज बिघडलंय, चुकीचं दाखवतंय.' माझं ठरलेलं असतं. आमच्याकडे पोलादाचे काही ठोकळे आहेत, त्यांचं माप पक्कं असतं. त्यांना आम्ही मास्टर म्हणतो. गेज मास्टरवर लावायचं. तिथे बरोबर दाखवलं तर गेज निर्दोष, आणि खोट मालात. दहापैकी नऊ वेळा खोट मालातच निघते, पण माणसाला आधी हत्याराचाच राग येतो. मी सतरा वर्षं लोकांना हेच ऐकवत आलेय, तेही चढ्या आवाजात.

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, दिंडोरीकडच्या एका खेड्यातले. आयुष्यभर त्यांनी जास्त करून एकच रस्ता चालवला: नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी आणि घाट चढून सप्तशृंगी गड. आम्ही बौद्ध. पायऱ्या चढून ते देवीच्या दर्शनाला कधी गेले नाहीत, पण लोकांना वर नेऊन सुखरूप खाली आणणं हे त्यांनी मनावर घेतलं होतं. नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर फक्त एसटी जाते. त्या दिवसांत डेपोत घाटाच्या ड्रायव्हरला जो भाव असतो तो विचारू नका! आप्पा नऊ दिवस घरी नुसते झोपायला यायचे. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला एक ओरखडा नव्हता. असं असलं की निवृत्तीच्या वेळी डेपोत सगळ्यांसमोर छातीवर बिल्ला लावतात. दारामागच्या खुंटीवर त्यांचा खाकी शर्ट असायचा, आणि एकदा मी त्यांना त्याच्या खिशावर बोट ठेवून जागा बघताना पकडलं होतं. मी हसले तर म्हणाले, "हसती काय गं, बटण तुटलंय का बघत होतो."

माझं लग्न दीड वर्ष टिकलं. मी बॅग घेऊन परत आले तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आप्पांनी दार उघडलं, बॅग आत घेतली आणि म्हणाले, "भात टाकू का दोघांचा?" त्यानंतर कधीच त्यांनी मला त्या विषयावर एक प्रश्न विचारला नाही. शेजारणींनी विचारले, आत्याने विचारले, पार विहारातल्या बायकांनी विचारले. आप्पांनी नाही. ह्या माणसाचं मी काय देणं लागते हे मला तेव्हाही कळत होतं.

तर संध्याकाळी आम्ही दोघं घरात. बोलायला फार काही नसायचं. कारखान्यातल्या एकाने त्याचा जुना गेम खेळायचा डबा आणि चार डिस्का मला दिल्या, त्यात हा गेम होता. मी पहिल्या दिवशी समुद्रात सात वेळा पडले. चिडून कंट्रोलर पलंगावर आपटला. आप्पा मागून बघत होते.

"आण इकडं तो रिमोट," म्हणाले.

पलंगाच्या कडेला ताठ बसले, गाडीच्या सीटवर बसायचे तसे. कंट्रोलर मांड्यांच्या वर धरला. आणि मी बघतच राहिले. तो ड्रॅगन असा काही वळला की वाटलं, हा दुसराच गेम आहे. झटका नाही, घाई नाही. वळण यायच्या जरा आधीच आप्पांचे खांदे तिकडे झुकायचे आणि पाखरू त्यांच्यासोबत यायचं. ड्रॅगन हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, ते त्याला पाखरूच म्हणायचे.

"तू वढती त्याला," ते म्हणाले. "गाडी वढायची नसती गं. तिला आधी सांगायचं, मंग ती वळती. एसटीच्या जुन्या स्टेरिंगलाबी असाच चार बोटं खेळ असतो, तेवढं फिरंपर्यंत चाकाला कळत नाय."

म्हणजे बघा. जगभरचे हुशार लोक ज्याला दोष म्हणत होते ते आमच्या आप्पांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं. त्या गेमला हात नको होते, अंदाज हवा होता. नंतर तर कंपनीनेच माघार घेतली आणि अंगठ्याने उडवायची सोय करून दिली. मी आप्पांना ती दाखवली. त्यांनी दोन मिनिटं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्ये चालवणं नाय, ह्ये रेडिओ लावणं झालं." आम्ही पुन्हा हातांवर आलो. ते वर्ष आमचं फार छान गेलं. ड्युटीवरून आले की अंघोळ, चहा, आणि मग पाखरू. मी शेजारी बसून खालचे दुश्मन सांगायची. आप्पा म्हणायचे, "त्यांना मरू दे, तू वर बघ, डोंगर बघ."

पुढच्या वर्षीची गोष्ट. निवृत्तीला चार महिने उरले होते, गणपतीचे दिवस, कॉलनीत लाउडस्पीकर. आप्पा समुद्रावरून सरळ चालले होते आणि पाखराचा उजवा पंख थरथरायला लागला. बारीक, पण सारखा. सरळ रेषेत जायचं सोडून ते उजवीकडे अडखळत होतं.

"ह्याला काय झालं?" आप्पा म्हणाले. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा आपल्या उजव्या हाताकडे, आणि तो हात मांडीखाली सारला.

"चार्जिंग उतरलं असेल," मी म्हणाले.

"असंल," म्हणाले, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. आप्पा भाजी आणायला गेले तेव्हा मी तेच केलं जे कारखान्यात करते. जेवणाचं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली घडी घातलेला कागद सारून ते नीट बसवलं, कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि हात मागे घेतला. पाखरू सरळ उडत होतं. जरासुद्धा हललं नाही. समुद्र संपेपर्यंत मी उभी राहून बघत होते. मग कंट्रोलर माझ्या हातात घेतला. तरीही सरळ. म्हणजे मास्टरवर लावून झालं होतं. हत्यार निर्दोष होतं.

मला लगेच कळलं, मी काही दूधखुळी नाही. सकाळी चहाची बशी वाजायची ते आठवलं. सहीला वेळ लागायचा ते आठवलं. आणि मी काय केलं? गेमच्या आत एक पट्टी असते, दहा घरांची. हात किती हलला की पाखराने किती हलायचं, ते तिच्यावर ठरतं. ती आठवर होती. मी ती तीनवर आणली. आता बारीकसारीक हालचाल त्याला कळणारच नव्हती. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

का केलं? कारण मला आप्पांचं तोंड बघवेना. ज्या माणसाने मला एक प्रश्न विचारला नाही त्याला मी विचारायचं, आप्पा तुमचा हात का हलतो? आणि विचारलं असतं तर पुढचं सगळं ओघाने आलं असतं. डॉक्टर, डेपो, स्टेअरिंगवरून खाली उतरवून गेटवर रजिस्टर घेऊन बसवणं. चारच महिने तर राहिलेत, मी मनाशी म्हटलं. निभतील.

त्याच आठवड्यात आप्पांनी रजा टाकली. "साठलीय लय, वाया कशाला घालवायची," म्हणाले. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आराम मिळेल, हात आपोआप ताळ्यावर येईल.

रजेत ते रोज पाखरू उडवायचे. पण खेळायचे नाहीत. डोंगरांकडे जायचे नाहीत, वळायचे नाहीत. नुसते समुद्रावरून सरळ, पाच-दहा मिनिटं, डोळे बारीक करून. मग कंट्रोलर खाली ठेवायचे.

"आज सरळ गेलं ना?"

"एकदम सरळ, आप्पा."

"जरा जड चालतंय पण."

"जुना झालाय गेम," मी म्हणायची.

नवरात्राच्या आधी डेपोतून फोन आला. घाटाचे ड्रायव्हर कमी पडत होते. आप्पांनी त्या संध्याकाळी पुन्हा एकदा पाखरू उडवलं, सरळ गेलेलं बघितलं, आणि सकाळी खाकी शर्ट घालून तयार. मी चहा दिला. बशी वाजली. मला ऐकू आली. मी म्हणू शकत होते की जाऊ नका. घाट आहे, मागे पन्नासएक माणसं बसलेली असतात, बायाबापड्या, लेकुरवाळ्या. मी म्हणाले, "डबा घेतला का?"

सहाव्या माळेला उतरताना त्यांच्या गाडीची डावी बाजू कठड्याला घासत गेली. कुणाला काही झालं नाही. एका म्हातारीची नारळाची पिशवी फुटली आणि नारळ गाडीभर गडगडत गेले, एवढंच. पत्रा मात्र हातभर फाटला. डेपोत जबाब झाला, मेमो मिळाला, आणि सव्वीस वर्षांचा तो बिल्ला गेला. डिसेंबरात त्यांना नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. खिशावरची ती जागा रिकामीच राहिली.

पण मला सांगायचंय ते त्या सहाव्या माळेच्या संध्याकाळचं. आप्पा घरी आले, बूट न काढता पलंगावर बसले. काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. मग त्यांची नजर टीव्हीखालच्या गेमच्या डब्यावर गेली आणि त्यांनी कंट्रोलर उचलून माझ्याकडे टाकला. आप्पा वस्तू टाकणारे माणूस नव्हते.

"भंगार हाय तुझा गेम," म्हणाले. "लोक म्हणत्यात ते खरंय. काय कळत नाय त्याला."

मला वाटलं, कुठला तरी राग कुठेतरी निघतोय. आणि मला त्या वेळी काहीही करून त्यांच्या बाजूने बोलायचं होतं.

"हो आप्पा," मी म्हणाले. "भंगारच आहे."

त्यानंतर त्यांनी कंट्रोलरला हात लावला नाही. उन्हाळ्यापर्यंत हात लपवण्यापलीकडे गेला, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हसतमुख. कंपवात आहे म्हणाले. कधीपासून हलतोय, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आप्पाच बोलायला लागले.

"मला गणपतीतच शंका आली व्हती, साहेब. हिचा एक गेम हाय, पाखरू उडवायचा. त्याच्यात माझा हात दिसायचा. तर म्या सरळ रजा टाकली. म्हटलं, हात असा असंल तर घाटात गाडी घ्यायची नाय, माणसं असत्यात मागं. रोज त्या गेमवर हात तपासायचो. आन रजेत रोज ते पाखरू झकास सरळ गेलं. म्हटलं, चला, बरा झाला हात. म्हणून परत स्टेरिंगवर बसलो." त्यांनी उजवा हात डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "पर गेमच भंगार निघाला."

डॉक्टर मोठ्याने हसले. "काका, गेमवर कुठे विश्वास ठेवता!"

आप्पाही हसले. "हिला काय म्हाईत नव्हतं बरं का," ते माझ्याकडे मान करून म्हणाले. "म्याच लपवलं."

मला तिथे बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून आप्पांना दिली, कारण त्यांना आता झाकण उघडत नव्हतं.

पुढे ते चार वर्षं होते. मी त्यांना भरवलं, दाढी केली, शर्टाची बटणं लावली. त्या चार वर्षांत आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला ते ही गोष्ट सांगायचे, पाखराने कसं फसवलं त्याची. लोक हसायचे, आप्पांना बरं वाटायचं, आणि मी चहा टाकायला आत जायची. रोज ठरवायची, आज सांगू. रोज वाटायचं, आज ताप आहे, आज मूड बरा आहे, आज आत्या आलीय. गेल्या पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं, असं नर्स म्हणाली. मी तेव्हाही बोलले नाही.

आता घरात मी एकटी. भिंतीवरचं ते निवृत्तीचं घड्याळ पाच मिनिटं पुढे जातं, आणि मी, जिचं सगळं आयुष्य मोजमाप बरोबर करण्यात गेलं, ते मागे करत नाही. कारखान्यातून आले की दाराचं कुलूप उघडायचा आवाज फार मोठा वाटतो. म्हणून मी टीव्ही लावते, आणि मग कुठल्या तरी पोराने लिहिलेलं दिसतं की हा गेम हात ओळखत नाही. माझं डोकं फिरतं. हात ओळखत नाही? अरे, त्याने ओळखला होता! घरात मुलगी होती, डेपोत साहेब होते, आणि सगळ्यांच्या आधी त्या गेमने ओळखला होता. हे सगळं काही मी त्यांना लिहीत नाही. मी लिहिते, 'परत खेळून बघा.'

गेल्या रविवारी मी स्वतः परत खेळून बघितला. इतकी वर्षं ती पट्टी तिथेच होती, तीनवर. मी ती आठवर नेली. कंट्रोलर टेबलावर ठेवला, हात मागे घेतला. पाखरू सरळ उडत होतं. मग तो उचलला आणि पलंगाच्या कडेला, आप्पा बसायचे तिथे, ताठ बसले. पाखरू थरथरायला लागलं, दोन्ही पंखांनी. मी रडत होते, ते त्याला बरोबर कळलं होतं.

मी पलंगाच्या रिकाम्या बाजूला वळले आणि मोठ्याने म्हणाले, कारण आता ऐकायला कुणीच नव्हतं, "आप्पा, गेम भंगार नव्हता. मी पट्टी खाली केली होती."